संध्याकाळी परत येण्याची नोकरी

हवालदार जगन कोळी पनवेलच्या एसटी स्टँडसमोरच्या बोळात, नियाजभाईंच्या दुकानात पहिल्यांदा शिरला, तेव्हा भूकंप तेवढा झाला नाही. बाकी सगळं झालं. उंबरठ्यावर उजवा पाय आपटून त्याने “जय हिंद, साब!” अशी जी आरोळी ठोकली, तिने छताचा पंखा दोन वेढे उलटा फिरला. झेरॉक्स मशीनने कुणी न सांगता एका निकाहनाम्याच्या अकरा प्रती काढल्या. कतारचा फॉर्म भरत बसलेल्या गृहस्थांनी घाबरून जन्मतारखेच्या रकान्यात खरी जन्मतारीख लिहिली. आणि स्टँडवरची पेणची गाडी, जी त्या स्टँडच्या इतिहासात कधी वेळेवर सुटली नव्हती, ती चार मिनिटं आधीच सुटली. कंडक्टर मागून धावत गेला म्हणतात. खुद्द नियाजभाई, वय एक्कावन्न, पोट सुटलेलं, साखर वाढलेली, चहाचा ग्लास छातीशी धरून खुर्चीतून ताडकन उठले आणि सावधान उभे राहिले. कुणी ‘बसा’ म्हणेपर्यंत बसायचं नाही असं त्यांच्या पायांनी परस्पर ठरवलं. ते कुणी म्हणेना, कारण दुकान त्यांचंच होतं.

“विश्राम,” शेवटी जगननेच फर्मावलं, तेव्हा ते खाली कोसळले.

“बायोडाटा करायचाय, नियाजभाई. आज करा. उद्या पाठवतो. परवा नोकरी पायजे.”

ही दोन हजार नऊच्या एप्रिलमधली गोष्ट. नियाजभाईंनी त्याआधी बारा वर्षं दम्मामला एका बांधकाम कंपनीत टायपिस्ट म्हणून काढली होती. परत आल्यावर त्यांनी हे दुकान टाकलं: दोन कॉम्प्युटर, एक झेरॉक्स मशीन, एक एसटीडीची काचेची केबिन. पनवेलपासून उरणपर्यंतच्या निम्म्या घरांचे बायोडाटे त्यांच्या बोटांखालून गेले होते. बकऱ्या हाकणाऱ्या एकाला त्यांनी ‘लाइव्हस्टॉक सुपरवायझर’ करून मस्कतला धाडलं होतं. त्यांचा सख्खा मेहुणा, ज्याने उभ्या आयुष्यात पंख्याचं बटणसुद्धा स्वतः दाबलं नव्हतं, तो त्यांच्या कृपेने ‘कन्सल्टंट’ होता. असा हा सिद्धहस्त माणूस बोटं मोडून कीबोर्डवर वाकला.

“हां, हवालदार. फौजेत काम काय केलं?”

“खेचर.”

“खेचर काय?”

“खेचर म्हंजे खेचर. वीस वर्सं.”

नियाजभाईंची बोटं हवेत राहिली.

जगन हा उरणच्या खाडीकाठचा कोळी. बाप होडीवर, आजा होडीवर. तो भरतीला गेला तेव्हा अख्ख्या कोळीवाड्याची खात्री होती की पोरगा नौदलात जाणार. आईने तर पांढऱ्या कपड्यातला नवरदेव कसा दिसेल याची चर्चा चार घरांत करून टाकली होती. सरकारने त्याची उंची मोजली, छाती मोजली, आणि ज्याने चिंबोरीशिवाय दुसरं पायांचं जनावर कधी धरलं नव्हतं, त्याला खेचरांच्या पलटणीत घातलं. डोंगरात जिथे रस्ता संपतो, तिथून वरच्या चौक्यांपर्यंत पीठ, रॉकेल, बॅटऱ्या आणि घरची पत्रं खेचरांच्या पाठीवरून जातात. समुद्रापासून याहून लांब माणसाला पाठवता येत नाही. जगन गेला, थंडीत रडला, लाथा खाल्ल्या, आणि वर्षभरात असा रुळला की सुट्टीवर आला तरी चालताना एक हात हवेत धरून चालायचा. लगाम नसला की त्याला हात कुठे ठेवावा ते कळत नसे.

शेवटची अकरा वर्षं त्याच्याकडे एकच खेचर होतं. सरकारी दप्तरात तिला नुसता नंबर होता. जगनने तिचं नाव मैना ठेवलं होतं. हे सगळं नियाजभाईंना पहिल्या दहा मिनिटांतच कळलं, कारण बायोडाट्यात शेवटी ‘तुमच्याविषयी सांगू शकतील अशा दोन व्यक्ती’ हा रकाना आला तेव्हा जगनने पहिलं नाव मैनाचं सांगितलं.

“अहो, ज्याला फोन लावून विचारता येईल असा माणूस पाहिजे!”

“फोन नाय लागणार,” जगन प्रामाणिकपणे म्हणाला. “पन माझ्याबद्दल खरं तिलाच माहीत हाय.”

नियाजभाईंनी कपाळ पुसलं आणि टाइप केलं: ‘वाहतूक व पुरवठा व्यवस्थापन, दुर्गम भाग, वीस वर्षांचा अनुभव.’

“हे खोटं हाय.”

“खोटं नाही हो. यात खेचर आहे. फक्त दिसत नाही.”

आठवड्याने जगनची बायको नीता एकटीच दुकानात आली. करंजाड्याला नवीन इमारतीत दोन खोल्यांचं घर घेऊन ती मुलीबरोबर राहत होती. शाळेत खिचडी शिजवायला जायची. बोलायला लागली की मोजकं बोलायची. पण त्या मोजक्यात सगळं यायचं.

“नियाजभाई, तुमी ह्यांना नोकरी बघताय म्हनून आले. कसली बघताय?”

“वहिनी, चांगलीच बघणार. मोठ्या कंपनीत...”

“मोठी-लहान ऱ्हाऊ दे. संध्याकाळी परत येतील अशी बघा.”

मग तिने नीट सांगितलं. फौजेतून निवृत्त झालेल्यांना फौजच पुन्हा घेते. डीएससी म्हणतात तिला, राखणदारांची पलटण. देशभरातल्या डेपोंच्या, कारखान्यांच्या फाटकांवर हे जुने जवान उभे करतात. निवृत्तीनंतर दोन वर्षांच्या आत अर्ज करायचा. जगनची मुदत एकतीस मार्च दोन हजार अकरा. तोवर पनवेलमध्ये काम लागलं तर तो राहील. नाही लागलं तर जाईल, आणि पुन्हा कुठे, किती वर्षं, ते पलटण ठरवील.

“लग्नाला सतरा वर्सं झाली,” नीता म्हणाली. “एकत्र किती दिवस काढले ते मी कॅलेंडरावर बघितलं. ते सांगत नाय तुमाला. आमची पोरगी पूर्वी चौदा वर्सांची हाय. बापाला अजून ‘तुमी’ बोलते.”

“मग आता तर घरीच आहे की तो!”

“घरी हाय? पावनेपाचला शिटी वाजवून उठवतो आमाला. चादरीच्या घड्या मोजपट्टी लावून बघतो. आनि खिडकीत उभा ऱ्हातो. खिडकीतून काय दिसतं, तर समोरच्या बिल्डिंगचं बांधकाम. तिथं डोंगर दिसतो ह्याला.” ती उठली. “सवत असती तर भांडले असते, नियाजभाई. चार पायांच्या बाईशी काय भांडू?”

नियाजभाई हसले. ती गेल्यावर त्यांना आपली खिडकी आठवली. दम्मामहून सुट्टीवर यायचे तेव्हा ताहिराने, त्यांच्या बायकोने, त्यांना असंच खिडकीत उभं राहिलेलं पाहिलं होतं. तिकडे असताना रोज पनवेलच्या बाजारातले ओले बोंबील आठवायचे. इकडे आल्यावर गुरुवार संध्याकाळची ती कंपनीची खोली, आठ माणसं, एकाच परातीतला भात. अल्लाने माणसाला दोन डोळे दिले ते बहुतेक एक इकडे आणि एक तिकडे ठेवायला. ते त्यांनी ताहिराला कधी सांगितलं नव्हतं. तिने विचारलंही नव्हतं. ताहिरा फार हुशार बाई.

तेव्हापासून त्यांनी जगनला मुलाखतीसाठी तयार करायचं मनावर घेतलं. दुपारी दुकानात गर्दी ओसरली की शिकवणी सुरू. नियाजभाई कंपनीचे साहेब, जगन उमेदवार, आणि झेरॉक्ससाठी आलेलं जे कुणी असेल ते निवड समिती.

“स्वतःविषयी काही सांगा.”

जगनने नंबर सांगितला, हुद्दा सांगितला, नाव सांगितलं, आणि ओठ घट्ट मिटून समोरच्या भिंतीवरच्या मक्केच्या चित्राकडे बघत राहिला.

“पुढे?”

“पुढं सांगायचं नसतं.”

“का?”

“दुश्मनानं पकडलं तर एवढंच सांगायचं. शिकवलंय आमाला.”

“तौबा! अहो, ते तुम्हाला नोकरी द्यायला बसलेत, फाशी नाही! छंद सांगा, आवड सांगा. बरं, तुमचा एखादा दुर्गुण सांगा. इथे सगळे काय सांगतात, ‘मी जरा जास्तच मेहनत करतो.’ ”

जगनने विचार केला आणि आपले दुर्गुण तारीखवार सांगितले. एकोणीसशे ब्याण्णवमध्ये पहाऱ्यावर पाच मिनिटं डोळा लागला होता. पंच्याण्णवमध्ये पलटणीच्या लंगरातल्या, म्हणजे भटारखान्यातल्या, स्वयंपाक्याला ढकललं होतं; त्याने आधी ढकललं होतं, पण ते सिद्ध झालं नाही. यादी दोन हजार तीनपर्यंत पोचली तेव्हा निवड समितीतल्या एक पेन्शनर बाई डोळे टिपत होत्या.

“पाच वर्षांनी तुम्ही स्वतःला कुठे बघता?” नियाजभाईंनी थकून शेवटचा प्रश्न टाकला.

“जिथं पाठवतील तिथं.”

यावर नियाजभाईंनी शिकवणी दोन दिवस बंद ठेवली.

पहिल्या काही मुलाखती व्हायच्या तशाच झाल्या. खांदा कॉलनीतल्या एका ऑफिसात दहा वाजता बोलावलं होतं. जगन आदल्या दिवशीच तिथे गेला, जायचे-यायचे रस्ते, जिने, पाण्याची टाकी, वॉचमनच्या चहाची वेळ, सगळं वहीत नकाशा काढून टिपलं. फौजेत नवीन जागी जाण्याआधी तसं करतात. वॉचमनने सेक्रेटरीला सांगितलं, सेक्रेटरीने पोलिसांना. मुलाखत ठाण्यात झाली. पण नंतर खुद्द फौजदाराने त्याची वही बघून आमच्याकडे असा नकाशा कुणालाच काढता येत नाही म्हणून चहा पाजला. दुसऱ्या एका मोठ्या दुकानात त्याला विचारलं, टीम कशी सांभाळाल? तो म्हणाला, आधी पाणी दाखवायचं, मग चारा, मग आपण जेवायचं. बाकीच्यांनी त्याला न विचारताच गणवेश आणि काठी देऊ केली. माजी सैनिक म्हटलं की पनवेलमधल्या प्रत्येक साहेबाला आपलं फाटक आठवायचं.

“फाटकावरच उभं ऱ्हायचं,” जगन म्हणायचा, “तर सरकारचं फाटक काय वाईट?”

संध्याकाळचे पाच वाजले की त्याला बसवत नसे. डोंगरात ही खराऱ्याची वेळ. ओझं उतरलेल्या जनावराच्या अंगावरून खरारा फिरवायचा, एकेक पाय उचलून खूर बघायचा, दगड अडकलाय का, नाल सैल झालीय का, आणि पायावरून वरून खाली हात फिरवायचा. कुठे गरम लागलं तर उद्या त्या पाठीवर ओझं नाही. जगन बोळात उभ्या केलेल्या नियाजभाईंच्या स्कूटरकडे जायचा आणि फडक्याने ती पुसू लागायचा. हेडलाइटपासून मागच्या नंबरप्लेटपर्यंत. मग वाकून दोन्ही टायरांवरून तळवा फिरवायचा. ती जुनी स्कूटर इतकी चमकायला लागली की तिला बघून एका गिऱ्हाइकाने विकत मागितली. नियाजभाई काउंटरवरून ओरडायचे, “हवालदार, तिला साखरही भरवा!” आणि एकदा त्यांनी पाहिलं, जगनने खरंच खिशात हात घातला होता आणि मग लक्षात येऊन काढून घेतला.

महिन्यातून एकदा तो केबिनमधून पलटणीत फोन लावायचा. तिथला त्याचा जुना साथी, कांगड्याकडचा, आता मैनाला सांभाळत होता. त्या पावसाळ्यात त्यांची तुकडी खाली पायथ्याशी आली होती. जगन काचेच्या केबिनमध्ये वाकून उभा होता.

“खाती है? ...पूरा खाती है? ...अच्छा सुन. फोन उसके कान पे लगा. अबे लगा ना यार!”

मग तो थांबला. आणि त्याने जिभेने टाळूला लावून टक्-टक् असा आवाज केला. खेचराला ‘चल’ म्हणायचा तो आवाज. दुकानात सात-आठ माणसं होती. कुणीतरी फिसकन हसलं. त्या केबिनमध्ये नियाजभाईंनी आजवर बायकांना रडताना पाहिलं होतं, बाळांना रिसीव्हरमध्ये फुंकर मारताना पाहिलं होतं, एका म्हाताऱ्याला सौदीतल्या मुलाला अख्खी अजान ऐकवताना पाहिलं होतं. ते उठले आणि त्यांनी पंखा बंद केला, झेरॉक्स मशीन बंद केलं.

जगनने पुन्हा टक्-टक् केलं. पलीकडून काय ऐकू आलं ते फक्त त्यालाच माहीत. फोन ठेवून तो बाहेर आला तेव्हा चेहरा परेडसारखा कोरा होता.

“ओळखलं?” नियाजभाईंनी विचारलं.

“कान हलवला बोलला,” जगन म्हणाला. “पन तो मला बरं वाटावं म्हनून बी बोलला असंल. चांगला मानूस हाय.”

अशी दीड-पावणेदोन वर्षं गेली. आणि मुदत संपायला वीस दिवस उरले असताना, मार्चच्या अकरा तारखेला, नियाजभाईंच्या फोनवर एका बाईंचा फोन आला. जेएनपीटी बंदराच्या रस्त्यावरच्या एका कंटेनर यार्डातून. यार्ड सुपरवायझरची जागा होती: ट्रेलर वेळेवर भरून बंदराकडे सोडायचे, ड्रायव्हरांवर लक्ष ठेवायचं, सकाळी नऊ ते संध्याकाळी सहा. नियाजभाईंनी ‘सहा’ हा शब्द दोनदा विचारून घेतला.

मुलाखत एकवीस तारखेला ठरली. त्या दिवशी नीताने जगनच्या शर्टाला इतकी कडक इस्त्री केली की तो शर्ट हँगरशिवाय उभा राहिला असता. ताहिराने नियाजभाईंचा दम्मामचा टाय कपाटातून काढून दिला. पूर्वीने काहीच दिलं नाही, ती शाळेला जाता जाता दारात थांबली आणि म्हणाली, “इंग्लिशमध्ये विचारलं तर घाबरू नका, तुमी.” जगनला हे इतकं आवडलं की खाली उतरेपर्यंत त्याने ते नियाजभाईंना चारदा सांगितलं.

स्कूटरवरून दोघं यार्डात पोचले. मुलाखत घेणाऱ्या रिया मॅडम तिशीच्या आतल्या होत्या, चटपटीत, बोलताना पेन फिरवणाऱ्या. नियाजभाईंना बाहेरच्या सोफ्यावर बसवलं होतं. मध्ये अर्धी काच होती आणि वरचा भाग उघडा, म्हणून त्यांना सगळं ऐकू येत होतं. त्यांचे ओठ आत चाललेल्या प्रत्येक उत्तराबरोबर हलत होते.

आणि काय आश्चर्य, जगन छान बोलला. नाव-नंबरावर थांबला नाही. बर्फात रस्ता बंद असताना चौदा दिवस वरच्या चौकीला पुरवठा कसा चालू ठेवला ते त्याने साधं, सरळ सांगितलं. दुर्गुण एकच सांगितला, आणि तोही ब्याण्णवचा. रिया मॅडमच्या हातातलं पेन फिरायचं थांबलं.

“पाच वर्षांनी तुम्ही स्वतःला कुठे बघता?”

नियाजभाईंनी डोळे मिटले. ‘आपल्याच कंपनीत, अधिक जबाबदारीच्या पदावर,’ हे उत्तर त्यांनी त्याच्याकडून शंभर वेळा घोकून घेतलं होतं.

“करंजाड्याला, मॅडम,” जगन म्हणाला. “घरी.”

मॅडम हसल्या. पण चांगल्या हसल्या. “चला, यार्ड दाखवते तुम्हाला. तुम्हीही या काका, गरमी आहे इथे.”

त्या ‘चला’मध्ये नोकरी होती. नियाजभाईंना इतक्या वर्षांच्या अनुभवाने ते कळलं, आणि त्यांनी मनातल्या मनात ताहिराला मटण आणायला सांगून टाकलं.

बाहेर ऊन मी म्हणत होतं. एक लांबलचक ट्रेलर कंटेनर चढवून निघायच्या तयारीत होता. चारच्या आत बंदरात शिरला तर माल आजच्या जहाजावर. नाही तर आठवडा गेला, असं मॅडम सांगत होत्या. तीन वाजायला आले होते. जगन ऐकत होता, आणि चालता चालता त्याचा हात आपोआप ट्रेलरच्या अंगावर गेला. नियाजभाईंनी ते पाहिलं आणि ते मोठ्याने खाकरले. हात पत्र्यावरून सरकत मागे गेला. जगन वाकला. पहिल्या टायरवरून तळवा, दुसऱ्यावरून, मग आतल्या बाजूच्या टायरवर. तिथे तो थांबला.

ड्रायव्हरने इंजिन सुरू केलं.

“थम्!”

पनवेलच्या दुकानात दोन वर्षांपूर्वी जी आरोळी उठली होती ती या आरोळीची धाकटी बहीणसुद्धा नव्हती. ट्रेलर थांबला. शेजारची क्रेन थांबली. लांबवर झाडू मारणाऱ्या बाई झाडू उगारलेल्या अवस्थेत थांबल्या. रिया मॅडम एक पाय उचलून थांबल्या.

“आतलं टायर फाटलंय,” जगन म्हणाला. “बोट जातंय आत. लंगडं हाय हे. ओझं उतरवा.”

ड्रायव्हर दादू खाली उतरला, वाकून बघितलं, जीभ चावली. खरंच फाटलं होतं. रस्त्यात भरधाव असताना फुटलं असतं तर काय झालं असतं ते कुणी बोललं नाही. “साहेब, जॅक लावतो, बदलतो, पंधरा-वीस मिनिटं...”

“ओझं उतरवा म्हनतो ना! क्रेन, आगे!”

क्रेनवाल्याने मॅडमकडे पाहिलंच नाही. आवाजच असा होता की क्रेन आपणहून पुढे आली. कंटेनर उचलला गेला, बाजूला ठेवला गेला. मग टायर बदललं. मग कंटेनर पुन्हा चढवायचा तर तोवर क्रेनला दुसऱ्या ओळीत बोलावणं आलं. चढवून, कुलपं लावून, कागदांवर पुन्हा शिक्के मारून ट्रेलर फाटकातून निघाला तेव्हा चार वाजून दहा मिनिटं झाली होती. आतून मोठ्या साहेबांचा फोन आला, मॅडम बाजूला जाऊन बोलल्या. परत आल्या तेव्हा पेन पर्समध्ये गेलं होतं.

“टायर तुम्ही बरोबर पकडलंत,” त्या हळूच म्हणाल्या. “पण भरलेल्या गाडीचं चाक जॅकवर बदलता येतं. उतरवायची गरज नव्हती.”

 जगनला खरंच समजलं नव्हतं.

“ओझं पाठीवर असताना जनावराचा पाय उचलत नाय, मॅडम.”

रिया मॅडमनी घड्याळात पाहिलं. “कळवतो आम्ही,” एवढंच म्हणाल्या, आणि जाताना मागे वळून एकदा त्याच्याकडे पाहिलं.

परतीच्या वाटेवर जगन मागे बसून अखंड बोलत होता. दोन वर्षांत नियाजभाईंनी त्याला इतकं बोलताना ऐकलं नव्हतं. बारा चाकं हायत एकेकाला, नियाजभाई! बारा! रोज सकाळी रांगेत उभे करून तपासायचे. त्या दादूचा हात चांगला हाय, पन घाई करतो. सहा महिने द्या मला. ग्रीसचा वास कसा हाय माहितीय? डोंगरात खोगिराच्या पट्ट्यांना लावायचो ना, तसाच. डोळे मिटले तर वाटतं तिथंच हाय.

नियाजभाईंनी डोळे उघडे ठेवून गाडी चालवली आणि “हो ना” म्हणत राहिले. पळस्प्याच्या फाट्यावर सिग्नलला थांबल्यावर त्यांना वाटलं, ‘कळवतो’ म्हणजे नाही, हे आता सांगावं. आरशात त्यांना जगनचा चेहरा दिसला. हिरवा दिवा लागला आणि ते निघाले.

करंजाड्याला नीता खालीच उभी होती. जगन वर गेला, पूर्वीला चाकांचा हिशेब सांगायला. नीताने नियाजभाईंकडे पाहिलं, आणि त्यांना काही बोलावं लागलं नाही.

“नाय ना?”

“बघू. इन्शाअल्ला, अजून काही कळवलं नाही त्यांनी...”

“नियाजभाई, लाज सोडून बोलते. कंपनीवाल्यांना विचारा, फाटकाची असली तरी चालंल. आमी त्याला समजावू. रात्रपाळी असंल तर संध्याकाळी नाय, सकाळी परत येतील. मला काय, कधी का असंना, रोज परत येनारा मानूस पायजे.” वरच्या मजल्यावरून जगनचं हसणं ऐकू आलं. तिने वर पाहिलं. “बघा. लग्नाच्या वर्साला असा हसायचा. आज हसतोय तो इथं नाय, तिथं हाय. पन हसतोय माझ्या घरात. एवढं बी चालंल मला.”

चार दिवसांनी रिया मॅडमचा फोन आला. माणूस शंभर नंबरी आहे, म्हणाल्या, माझ्या वडिलांसारखा आहे, पण तो माल एका मोठ्या गिऱ्हाइकाचा होता आणि मोठे साहेब नाव ऐकायला तयार नाहीत. नियाजभाईंनी आयुष्यात पहिल्यांदा कुणासाठी शब्द न फुगवता बोलून बघितलं. त्याचं घर आहे इथे, म्हणाले, मुलगी पंधरा-सोळा वर्षांची आहे, ती आता कुठे बोलायला लागलीय त्याच्याशी. मग फाटकाचं विचारलं. फाटक ठेकेदाराकडे होतं, आणि ठेकेदाराची माणसं भरलेली होती.

त्या दुपारी जगन दुकानात आला. नियाजभाईंनी त्याला बसवलं, चहा मागवला, आणि सांगितलं. जगनने चहा संपवला. ग्लास विसळून ठेवला.

“त्यांचं जहाज चुकलं,” तो म्हणाला. “मी असतो तर मी बी ठेवला नसता.” थोड्या वेळाने म्हणाला, “पन नियाजभाई, रस्त्यात फुटलं असतं तर?”

“माहीत आहे.”

“तेवढं तुमाला माहीत हाय ना? बस.”

मग त्याने खिशातून डीएससीचा फॉर्म काढला. नियाजभाई कीबोर्डवर वाकले. ‘पूर्वीचे काम’ या रकान्याशी आल्यावर त्यांनी काही न विचारता लिहिलं: खेचर चालक, वीस वर्षे. जगनने वाचलं आणि मान डोलावली. अर्ज मुदतीच्या सहा दिवस आधी गेला.

नियाजभाईंनी पुढे पुष्कळ माजी सैनिकांचे बायोडाटे केले, त्यांतल्या काहींना नोकरी लागली. यार्ड सुपरवायझरची ती जागा कंपनीने त्याच वर्षी रद्द केली. जगनची नेमणूक मध्य प्रदेशातल्या एका डेपोच्या तीन नंबरच्या फाटकावर झाली. वर्षाला दोन महिने रजा मिळते.